चादरीचं दुसरं टोक

माझं काम सांगितलं की लोक हसतात. मी चार ते सहा वर्षांच्या मुलांना खेळायला शिकवते. "अहो, खेळायला काय शिकवायचं असतं?" असं म्हणून समोरचा माणूस स्वतःच्याच विनोदावर खूश होतो. मीही हसते. पंचवीस वर्षं हसते आहे, आता गाल दुखतात.

शिकवावं लागतं. वर्तुळात उभं राहायचं. शेजाऱ्याचा हात धरायचा, पण पिळायचा नाही. चेंडू आला की झेलायचा आणि पुढच्याला द्यायचा, खरी गोम इथेच आहे. झेलणं चार दिवसांत येतं, देणं यायला वर्ष जातं. काहींना पन्नाशीतही येत नाही, त्यातले दोघं-तिघं आमच्या कार्यालयातच बसतात. टाळी वाजली की जागच्या जागी पुतळा व्हायचं. चमच्यात गोटी घेऊन पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं आणि तिथे उभ्या असलेल्याच्या चमच्यात ती अलगद सोडायची. यातून बोटं वळतात, पावलं तोल धरतात, आणि जगात आपल्याशिवाय आणखी कोणी आहे ही बातमी पोराला कळते.

आमच्या केंद्रात मुलं येतात ती बहुतेक या बातमीसाठीच. कोणी बोलत नाही, कोणी चावतं, कोणी कोपरा सोडत नाही. अशा बारा जणांचा गट करून मोठ्या बाई, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुख, तो माझ्या हवाली करतात. वर्षाअखेर तीच पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जिना उतरतात आणि मी वरून बघत राहते. मग पिशवी उचलते आणि घरी जाते. घरी कोणी नसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घर म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे आई आणि मी राहायचो. आई चार वर्षांपूर्वी गेली. माणूस गेल्यावर काय काय अडतं ते भेटायला येणारे सगळे सांगतात, पण त्यात चादरीच्या घडीचं कोणी बोलत नाही. चादर वाळली की आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहायचो, दोन-दोन टोकं धरायचो. आई म्हणायची, "सोडू नकोस हं," आणि झटका द्यायची. चादर फट्‌ वाजायची, सुरकुत्या पळायच्या. मग एकमेकींकडे चालत यायचं आणि तिच्या हातातली टोकं माझ्या हातात. भांडण झालेलं असलं तरी घडीपुरतं समोर यावंच लागे. आमची निम्मी भांडणं तशीच मिटली. आता मी चादर मधोमध हनुवटीखाली धरते आणि हात पसरते. घडी होते, पण झटका देता येत नाही.

सुरुवातीला वाटलं, सवय होईल. झाली नाही. संध्याकाळी कुलूप उघडताना मी अजून मोठ्याने खाकरते, आत कोणी दचकू नये म्हणून.

केंद्रातल्या खेळांत माझं सगळ्यात लाडकं म्हणजे मोठं कापड. खोलीभर पसरेल एवढं गोल, कलिंगडाच्या फोडींसारखे बारा रंगांचे तुकडे जोडून शिवलेलं, प्रत्येक फोडीच्या काठाला धरायला एक पट्टा. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी ते माझ्या मापाने शिवून दिलं. बारा पोरांनी बारा पट्टे धरायचे आणि "एक, दोन, वर!" म्हटलं की एकदम उचलायचं. सगळ्यांनी बरोबर उचललं तर कापडाचा तंबू होतो. मग त्यावर चेंडू टाकायचा आणि न सांडता गोल फिरवायचा. एकाने घाई केली की चेंडू खाली. ओरडून काही होत नाही, एकमेकांकडे बघावंच लागतं. वर्षभरात मी जे शंभर वेळा सांगते ते हे कापड एका दुपारी सांगतं.

पूर्वी वर्ग सुटल्यावर कापडाची घडी घालायला झाडलोट करणाऱ्या मावशी यायच्या. त्या एक काठ धरायच्या, मी दुसरा. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. नवीन बाई सकाळीच काम उरकून जाते. कार्यालयातून कोणाला तरी हाक मारता आली असती. पण हाक मारायची म्हणजे तो येईपर्यंत थांबायचं, आणि हातात कापडाचं टोक धरून थांबलेली बाई फार केविलवाणी दिसते, असं मला वाटतं. तेव्हा मी युक्ती काढली. खिडकीकडच्या बाजूचा एक पट्टा खिडकीच्या कडीत अडकवायचा, समोरचा काठ दोन्ही हातांत घ्यायचा आणि द्यायचा झटका. फट्‌ असा आवाज यायचा. खरं सांगते, दिवसभरात मला सर्वात आवडणारा तो आवाज होता.

यंदाच्या गटात मुंगळी होती. वय पाच. मुंगळा एकदा चावला की डोकं तुटेल पण सोडणार नाही, तशी ही. हात धरला की शेजाऱ्याच्या बोटांवर वळ. चेंडू मिळाला की पोटाशी, मग तिघांनी ओढला तरी निघायचा नाही. नाव पोरांनीच ठेवलं. मी थांबवायला हवं होतं, पण मलाही ते चपखल वाटलं. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तिला सोडायला यायचे तेव्हा त्यांच्या नखांत रोज वेगळा रंग असायचा. पहिल्या दिवशी ते हळूच म्हणाले होते, "बाई, दोन शाळांनी नको म्हटलंय. तुमच्याकडे रुळली तर बघा."

कापडाच्या खेळात मात्र पोरगी खुलायची. तिची जागा मीच ठरवली होती, खिडकीकडची, पिवळ्या फोडीची. दाराजवळ उभी केली असती तर ती जिन्यावर पसार झाली असती. दोन्ही मुठींत पिवळा पट्टा, जीभ दातांत, डोळे चेंडूवर. त्या वेळी तिची पकड कोणाला बोचत नव्हती.

मग पिवळा पट्टा तुटला. सकाळी कपाटातून कापड काढलं तर पट्टा लोंबत होता आणि काठ चिरलेला. मी शिंपीकाकांकडे शिवायला टाकलं. महिन्याने पुन्हा तुटला, तोच. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मोठ्या बाई वर्गात आल्या होत्या. त्याच आठवड्यात बोटांवरच्या वळांबद्दल दोन आयांनी तक्रार केली होती, त्यामुळे त्यांच्या कपाळावर आधीच आठी होती.

"हा पट्टा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

मी क्षणाचाही विचार केला नाही. मुंगळीचं नाव सांगितलं.

"तिला फाडताना पाहिलंत तुम्ही?"

"पाहायला कशाला हवं? तिची पकड सगळ्यांना माहीत आहे."

मुंगळी समोरच उभी होती. मी तिला विचारलं, "तू ओढलंस ना गं?"

"मी नाही फाडलं," ती म्हणाली. "मी फक्त सोडलं नाही."

मी मोठ्या बाईंकडे बघून भुवया उडवल्या. बघा, म्हणजे तीच. वहीत माझ्या हाताने लिहिलं: ओढाताण करते, साहित्य फाडते, गटात बसण्यासाठी अजून तयार नाही. माझं अक्षर चांगलं आहे. चांगल्या अक्षरातलं खोटंही खरं वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला छोट्या खोलीत बसवलं. छोट्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, मण्यांचा एक डबा आणि कोपऱ्यात अर्ज भरत बसलेली एक मदतनीस. दाराला काच आहे. वडिलांना चिठ्ठी गेली की महिनाभर एकटीला शिकवू, फरक पडला नाही तर दुसरी जागा बघावी. दुसरी जागा नव्हती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

मी जाता-येता काचेतून बघायची. ती मणी ओवायची. माळ पूर्ण झाली की कोणाला दाखवावी म्हणून मान वर करायची, मदतनीस अर्जात मान घालून असायची, मग ती माळ उसवून पुन्हा ओवायला घ्यायची. मी एकदा काचेवर टकटक करून हात हलवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि टेबलाची कड धरली. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. तसं एकटीला जेवण रोजच कुठे जातं, पण त्या दिवशी डबा उघडलासुद्धा नाही.

शनिवारी कापड आणायला गेले. शिंपीकाका म्हणजे तोंडात टाचण्या आणि टाचण्यांपेक्षा टोचणारं बोलणं. त्यांनी टाचण्या काढून उशीत खोचल्या, म्हणजे बोलणं लांबणार होतं.

"बाई, हे चौथ्यांदा आणू नका. माझी शिवण आहे, थट्टा नाही."

"मी काय करू काका, एक मुलगी आहे, फार ओढते."

"कोण मुलगी? केवढी?"

"पाच वर्षांची."

ते हसले. मग पिवळा पट्टा उजेडात धरला. "पोर ओढील तर टाके उसवतील, एकेक करून. हे टाके बघा, शाबूत आहेत. कापड चिरलंय, ते पण एका झटक्यात. आणि हे काय आहे सांगा बरं." पट्ट्याच्या आतल्या बाजूला तांबूस रेघ होती, बोटाएवढी रुंद. "गंज आहे हा. पहिल्या दोन वेळेलाही होता, मी म्हटलं असेल काहीतरी. पाच वर्षांच्या पोरीच्या हाताला गंज चढतो होय?"

मी रेघेकडे बघत राहिले. खिडकीची ती कडी कधीच रंगवलेली नाही.

"म्हणजे कुणीतरी चोर सोडून संन्याशाला सुळी दिली," काका म्हणाले आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.

मी कापड काखेत घेऊन रस्त्यावर आले. पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी विचार केला की हे कोणालाच माहीत नाही. काकांना कडी माहीत नाही, मोठ्या बाईंना गंज माहीत नाही. यापुढे कडीत अडकवायचं नाही म्हणजे पट्टा तुटणार नाही. महिनाभराने मी म्हणेन, मुलगी सुधारली आहे, गटात घ्या. सगळ्यांचं भलं. पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत आले होते की ज्याच्या हातून चेंडू पडला त्याने हात वर करायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रविवार घरी गेला. मी चादरी धुतल्या. हनुवटीखाली धरून घड्या घातल्या आणि त्या चुरगळलेल्याच कपाटात ठेवल्या. दिवसभर कोणाशी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी घड्याळवाल्याने खालून विचारलं, "बाई, घरी आहात ना? आवाज नाही काही." मी "आहे आहे" म्हणायला गेले तर घशातून आवाज फुटेना. त्या पोरीला एवढ्याशा खोलीत आठवडा काढायला लावणारी मी, मला एक रविवार निघत नव्हता.

सोमवारी वर्गात कापड पसरलं. अकरा पोरं उभी राहिली. पिवळ्या पट्ट्याची जागा रिकामी. "एक, दोन, वर!" कापड तिथेच लोंबलं आणि चेंडू घरंगळत त्याच बाजूने खाली. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मी स्वतः पिवळा पट्टा धरला. पण मी उंच, माझी बाजू वर गेली आणि चेंडू समोरच्या पोराच्या नाकावर.

नाक चोळत तो म्हणाला, "मुंगळीला आणा ना. ती सोडत नाही."

हा तोच, ज्याच्या बोटांवर तिचे वळ उठले होते. बाकीची पोरंही "आणा ना, आणा ना" म्हणायला लागली. मी कापड खाली ठेवलं, सगळ्यांना पुतळा व्हायला सांगितलं आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. अकरा पुतळे फार वेळ टिकत नाहीत, तेव्हा लांबण लावायला वेळ नव्हता.

"कापड मी फाडलं," मी म्हटलं. "घडी घालताना. पट्टा खिडकीच्या कडीत अडकवून झटका देत होते. तिन्ही वेळा."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "कडीत कशाला?"

"दुसरं टोक धरायला कोणी नसतं."

"अहो, हाक मारायची ना. आम्ही सहाजणं इथे बसलेलो असतो."

खरं कारण मोठ्या बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी आधीच्या ओळींवर काट मारली नाही, त्या तशाच दिसू दिल्या आणि खाली लिहिलं की वरील नोंद चुकीची आहे, साहित्य माझ्या हातून फाटलं, मुलीला आजच गटात घ्यावं. अक्षर चांगलं आलं नाही.

वर्गात परतले तेव्हा पुतळे एकमेकांच्या अंगावर लोळत होते. मदतनीसबाईला छोट्या खोलीतून बोलावून त्यांना तिच्या हवाली केलं आणि मी तिथे गेले. मुंगळीसमोर जमिनीवर बसले, कारण त्या खोलीत दुसरी खुर्ची नाही.

"पट्टा तू नाही फाडलास. मी फाडला. मला माहीत नव्हतं, पण मीच फाडला."

ती विचारात पडली. मग तिने तिच्या भाषेत निकाल दिला. "मग हात वर करा."

मी हात वर केला. तिने तो बराच वेळ तसाच ठेवायला लावला.

वर्ग सुटायच्या वेळी वडील आले. नखांत निळा रंग होता. मी त्यांना जिन्यातच सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, आवाज चढवतील. मला ते बरं वाटलं असतं. ते कठड्याला टेकले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले.

"चिठ्ठी आली त्या दिवशी मी तिला मारलं," ते म्हणाले. "हातावर. ती सारखी म्हणत होती, मी नाही फाडलं, मी नाही फाडलं. मला वाटलं, बाई एवढ्या शिकलेल्या, त्या कशाला खोटं लिहितील."

मी माफी मागितली. तो शब्द किती लहान असतो ते अशा वेळी कळतं. ते "ठीक आहे" म्हणाले, पण ठीक नव्हतं आणि ते व्हायला वेळ लागेल हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी विचारलं, "ती आत काय करतेय?"

ती आत कापडाजवळ उभी होती. बाकीची पोरं गेली होती. कापड जमिनीवर पसरलेलं आणि मुंगळी पिवळा पट्टा मुठीत धरून, सोडायचं नाव नाही. "चल, घरी जाऊ," वडील दारातून म्हणाले. ती हलली नाही. मी म्हणणार होते की सोड आता, खेळ संपला. सवयीने तोंडात तेच येतं. मग मी खिडकीच्या त्या कडीकडे पाहिलं.

"असंच धर," मी म्हटलं. "घडी घालायची आहे. वडलांना जरा थांबू दे."

मी समोरचा काठ उचलला. माझ्या आणि तिच्यामध्ये खोलीभर कापड होतं. तिने दोन्ही मुठी आवळल्या, जीभ दातांत घेतली.

"सोडू नकोस हं," मी म्हटलं.

तिला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. सगळे उलटंच सांगत आले होते. मी तिची चेष्टा तर करत नाही ना, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. मी झटका दिला. फट्‌! ती दोन पावलं पुढे ओढली गेली, पण पट्टा सुटला नाही. ती खदाखदा हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा ऐकत होते. दारात तिचे वडीलही पहिल्यांदा ऐकत असावेत, कारण त्यांनी तोंड वळवलं.

"परत," ती म्हणाली. आम्ही पाच-सहा वेळा झटकलं. एवढी गरज नव्हती.

मग मी तिला चालत यायला सांगितलं. ती आली आणि तिच्या हातातला काठ माझ्या हातांशी आला. तिने तो धरूनच ठेवला. मी वाट पाहिली. मला कुठे जायचं होतं? थोड्या वेळाने तिने एक बोट सोडलं, मग दुसरं, आणि काठ माझ्या हातात दिला.

"घरी कोण धरतं?" तिने विचारलं.

"काय?"

"तुमच्या घरी. चादर. दुसरं टोक कोण धरतं?"

मी तिला हनुवटीखाली धरून दाखवलं, हात पसरून. मोठी माणसं हे बघून हसतात. ती हसली नाही. तिने नीट बघितलं.

"मग झटका कोण देतं?"

"कोणी नाही. चुरगळलेलीच अंथरते."

तिने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने माझं बोट धरलं, त्या मुंगळ्याच्या पकडीने, वळ उठेल इतकं घट्ट, आणि तशीच जिना उतरायला लागली. वडील मागून म्हणाले, "अगं, बाईंना दुखेल, सोड."

"राहू द्या," मी म्हटलं.

फाटकापर्यंत ती माझं बोट धरून आली. घरी पोहोचून मी कुलूप उघडलं तेव्हा बोटावर वळ होता, आणि मी खाकरायचं विसरले होते.